तानाबाईनं थांबवलेलं विमान

लोणार तालुक्यात बीबीला उतरा आणि तानाबाईचं घर विचारा. सांगणारा आधी दोन्ही हात फाकवील, तोंडानं घूंऽऽ करील, आणि मग भीमनगराकडं बोट दाखवील. नऊ वर्षं झाली, गावाची ही गंमत काही शिळी होत नाही. बाई पन्नाशीला टेकली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाजाराच्या रस्त्यानं निघाली की पोरं हात पसरून मागं धावतात, आणि मोठी माणसं त्यांना दटावायचं सोडून मिशीत हसतात. पायलटबाई म्हणतात तिला. तोंडावर म्हणतात. ती पोरांना कधी शिवी देत नाही. तिचा सगळा राग एका माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि त्या माणसाचं नाव शेषराव.

शेषराव म्हणजे साठ एकरवाला गडी. दहा वर्षं सरपंच राहिला, पुढं खुर्ची गेली पण ऐट गेली नाही. आजही गावात काही सुरू करायचं तर नारळ त्याच्याच हातात देतात. बोलायला मोठा रंगेल. चारचौघांत कुणाची टोपी उडवायची तर शेषरावानंच उडवावी, असं लोक कौतुकानं सांगतात. ज्याची उडाली त्याला कोणी विचारत नाही.

आता विमानाचं काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

तानाबाईचा नवरा सहदेव रोड रोलर चालवायचा. हात इतका बसलेला की एका ठेकेदारानं त्याला उचलून गुजरातेत नेलं, एका विमानतळावर धावपट्टीच्या कामाला. लेक महामाया तेव्हा चार वर्षांची. तिला आजीपाशी ठेवून तानाबाईही मागोमाग गेली, आणि तिला काम मिळालं खडे वेचायचं. हसू नका, हे खरोखरीचं काम असतं. पहाटे उजाडता उजाडता बारा बायका धावपट्टीवर एका ओळीत उभ्या राहायच्या, दोघींत दोन हातांचं अंतर, प्रत्येकीच्या खांद्याला गोणपाटाची पिशवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर खाली ठेवून चालायचं. खडा, खिळा, तारेचा तुकडा, पाखराचं पीस, जे दिसेल ते पिशवीत. बोराएवढा खडा इंजिनानं ओढून घेतला तर आतली पाती तुटतात, म्हणून ही काळजी. बोलायचं नाही, ओळ मोडायची नाही. सात वर्षं तानाबाईनं ती पट्टी अशी पायाखाली घातली. तिच्या आईच्या अंगणाची सुद्धा तिला एवढी माहिती नव्हती.

त्या भागात जमीन अधूनमधून हलायची. हलली की विमानं थांबवायची, एक जीप पट्टीवरून फिरून यायची, आणि ठीक आहे म्हटलं की पुन्हा सुरू. शेवटच्या वर्षी एका सकाळी असाच धक्का आला. जीपवाला भर्रकन फिरला, सगळं ठीक म्हणून कळवून मोकळा झाला. बायकांना कडेनं परत जायला सांगितलं. तानाबाईचा बूट चावत होता म्हणून तिनं तो हातात काढून घेतला होता, आणि धावपट्टीची कड ओलांडताना तिच्या अनवाणी तळव्याला काहीतरी लागलं. दोन बोटं वर आलेली कड. काल ती नव्हती. ती वाकली, हात फिरवला. भेग आत मधल्या पांढऱ्या रेघेपर्यंत गेलेली होती, आणि मधे मधे डांबराचे तुकडे सुटून पडलेले. वर पाहिलं तर समोरून विमान येत होतं, चाकं खाली काढलेली, दिवे लावलेले.

तिनं काय करावं? ओळ मोडायची नाही हा नियम तिनं मोडला. अंगावरचं नारंगी जाकीट काढून फिरवत, बोंबलत ती मुकादमाकडं धावली. मुकादमानं वायरलेसवर सांगितलं. विमान पट्टीच्या तोंडाशी आलं होतं, ते तिथून गर्जना करत परत वर गेलं, बायकांचे पदर उडाले. नंतर चार तास पट्टी बंद होती. शाबासकी मुकादमाला मिळाली, तानाबाईला मिळाला एक बिस्किटाचा पुडा आणि ओळ मोडली म्हणून समज. तिला त्याचं काही वाटलं नाही. आपण काय केलं ते तिला ठाऊक होतं.

काम संपलं आणि दोघं बीबीला परतली. महामाया अकरा वर्षांची झाली होती. आईबाप सात वर्षं फक्त दिवाळीला भेटलेले, तेव्हा पोर आधी अंग चोरायची. मग एका संध्याकाळी तानाबाईनं तिला भाकरी थापता थापता विमानाची गोष्ट सांगितली, आणि पोरीचे डोळेच पालटले. रोज तीच गोष्ट. बूट कोणत्या पायाचा होता? विमानात किती माणसं होती? पायलट तुझ्याकडं पाहत होता का? त्या गोष्टीनं लेक आईला परत मिळाली, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडा झाल्यावर मुलांची भाषणं होती, विषय 'माझी आई'. महामाया नवा फ्रॉक घालून स्टेजवर उभी राहिली आणि न अडखळता सगळं बोलली. धक्का, भेग, जाकीट, परत वर गेलेलं विमान. अध्यक्षस्थानी सरपंच शेषराव. पोरगी खाली उतरायच्या आत त्यानं माइक हातात घेतला आणि तिला तिथंच थांबवलं. म्हणाला, आपल्या गावच्या बायकांच्यानं मारकी म्हैस थांबत नाही, अन् ही तानी विमान थांबवून आली. मग पोरीकडं वळून विचारलं, काऊन बे पोरी, तुह्या मायनं विमानाले काय पदर आडवा केला का दोरी बांधली? आणि दोन्ही हात पसरून, स्टेजवर चार पावलं डुलत, माइकमध्ये घूंऽऽ केलं.

पटांगण फुटलं हसून. भोंगे लावलेले होते, ते घूं मेहकरच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. तानाबाई बायकांत बसली होती. त्या दिवसाचं तिला आठवतं ते शेषरावाचं तोंड, आणि पानानं लाल झालेले त्याचे दात. मधे उभी महामाया. तिच्या हातात फुलस्केपचा कागद होता, तो तिनं घडी घालत घालत अगदी आगपेटीएवढा केला.

त्यानंतर ती पोर चारचौघांत बोललीच नाही. शाळेत सरांनी उभं केलं तर उत्तर फळ्यावर लिहून दाखवायची. विमानाची गोष्ट तिनं आईला पुन्हा विचारली नाही. दहावी झाली, बारावी झाली, आता बुलढाण्याला नर्सिंगला आहे, मार्कं चांगली पडतात, पण मॅडम फोनवर सांगतात की पोरगी तोंडी परीक्षेत गप्प बसते. गावाला वाटतं, चेष्टा झाली, विसरली असेल. तानाबाईला विचारा. तिनं मनाशी एकच गाठ मारून ठेवली होती. शेषरावाला त्याच पटांगणात, त्याच माइकवर, गावासमोर उभं करायचं आणि तिथं त्याचं हसं करायचं. कसं करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं त्याच्या शेतात निंदायला जायची, सोयाबीनच्या तासात बसून हेच घोकायची. सहदेव म्हणायचा, सोड आता. ती त्या रात्री त्याच्या ताटात मीठ जास्त टाकायची.

आणि मग या जुलैत जमीन हलली.

धक्का हिंगोलीकडून आला होता म्हणे. सकाळी सातच्या सुमारास बीबीत मांडणीवरची भांडी वाजली, कुत्री भुंकली, गाई दावं ओढायला लागल्या. कुणाचं काही गेलं नाही. पण शेषरावाच्या काळजात जे शिरलं ते निघेना. कारण त्याच्या कपाटात विमानाची दोन तिकिटं होती.

त्याची लेक करिष्मा आसामात असते, गुवाहाटीला. जावई फौजेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरनं प्रवासाला साफ मनाई केली, आणि जावयाची ड्युटी लागली पुढं कुठंतरी. पोरगी एकटी पडली. म्हणून शेषराव आणि त्याची बायको गोजरबाई, दोघांनी चोवीस ऑगस्टला विमानानं जायचं ठरलं होतं. जन्मात विमान पाहिलेलं नाही दोघांनी. धक्का बसल्यापासून शेषरावानं मोबाइल हातातून सोडला नाही. त्यात त्याला दिसलं की आसामात तर जमीन बीबीपेक्षा कितीतरी जास्त वेळा हलते. आज इथं, परवा तिथं. त्याचं जेवण तुटलं. विमान उतरत असताना खालून जमीन हलली तर? निघताना हलली तर? विचारायचं कुणाला? ज्याला विचारील तो हसणार, आणि हसण्याचं दुखणं काय असतं ते, दुसऱ्याला देऊन का होईना, शेषरावाला पक्कं माहीत होतं.

साऱ्या पंचक्रोशीत हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

शेषराव भर दुपारी तानाबाईकडं आला, मागच्या वाटेनं. निंदायला बायका पाहिजेत असं निमित्त काढलं. तानाबाईनं चहा ठेवला, आणि त्यानं तो घेतला. चाळीस वर्षांत या घराचं पाणी त्यानं ओठाला लावलं नव्हतं, आज बशी लावून फुर्र केलं. तेव्हाच तिनं ओळखलं की पाटील घाबरलेला आहे. मग इकडचं तिकडचं करत त्यानं विचारलंच. आवाज अगदी खाली. तू तिकडं होती ना, तर तुले ठाऊक असन, विमान उतरून राह्यलं अन् भूकंप झाला, तर त्याचं काय होते?

काय सांगू तुम्हाला, त्या बाईला काय वाटलं ते. नऊ वर्षांचं व्रत एका चहाच्या कपात फळाला आलं. उत्तर तिला पाठ होतं, दोन मिनिटांचं काम. पण ती उठून दाराशी गेली, बाहेर पाहिलं आणि म्हणाली,

"पाटील, हे मी सांगीन. पन इथं नाही. पंधरा ऑगस्टले पटांगणात माइकवर इचारा, मंग सांगीन."

शेषरावाचा चेहरा पडला. त्यानं आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग आवाज चढवला, मग पुन्हा खाली आणला. ती बधली नाही. तो निघाला तेव्हा तिनं पाठीमागून एवढंच सांगितलं की पट्टी तीन किलोमीटर लांब असली तरी भेग बोटभरच लागते.

आणि तो महिनाभर तिनं त्याला जे भाजलं! खोटं एक अक्षर बोलली नाही, एवढं मानायला पाहिजे. पण खरं असं अर्धं तोडून द्यायची की माणसाची झोप उडावी. बँकेच्या ओळीत दिसला, तर उतरताना विमानाचा वेग ताशी अडीचशेच्या घरात असतो म्हणाली आणि पुढं सरकली. आठवडी बाजारात भेटला, तर वांगी निवडता निवडता सांगितलं की निघताना एका ठराविक वेगानंतर पायलटला ब्रेक लावता येत नाही, मग खाली काही का होईना. मग काय होतं? पंधरा ऑगस्टले इचारा. शेषराव वाळत चालला. दाढी वाढली. तानाबाईच्या गुडघ्यांचं दुखणं मात्र त्या महिन्यात पळालं, ती गाणं गुणगुणत भांडी घासायची, आणि सहदेवाला हे बघवत नसे. त्यानं एकदा स्वतःच शेषरावाकडं जाऊन सांगायचं ठरवलं. तिनं उंबऱ्यात उभं राहून त्याला बजावलं, तू एक शब्द बोलला तर मी माहेरी निघाली. पन्नाशीच्या बाईला माहेरी कोण उरलेलं असतं? पण तो गेला नाही.

दहा ऑगस्टला गोजरबाई आली. ही बाई शेषरावाची बायको असून कुणाच्या अध्यातमध्यात नसते. तानाबाईच्या सासूच्या दुखण्यात तिनं दूध धाडलं होतं. आली, भुईवरच बसली. म्हणाली की यांनी काल तिकिटं काढणाऱ्या पोराला ती रद्द करायला सांगितलं, मी पाया पडून थांबवलं. करिष्मा तिकडं एकटी आहे, तिचे पाय सुजले, फोनवर रडते. मी एकटी जाऊ शकत नाही, मला स्टेशनवरची पाटी नीट वाचता येत नाही. तू फक्त एवढं सांग, जावं का न जावं. मी कुणाला सांगणार नाही तू सांगितलं म्हणून.

सांगायला काय लागत होतं? जा म्हणायचं, झालं. एका शब्दात त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. तानाबाईच्या जिभेवर आलंही. पण लगेच तिला आगपेटीएवढी कागदाची घडी दिसली. "वहिनी, तुमच्या लेकीसाठी तुमी भुईवर बसल्या," ती म्हणाली. "माह्या लेकीसाठी पाटलानं पाच मिनिटं स्टेजवर उभं राह्यलं तर काय बिघडते?"

गोजरबाई डोळे पुसून, गुडघ्यावर हात देऊन उठली. तानाबाईनं तिला उठताना हात सुद्धा दिला नाही. तुम्ही म्हणाल, केवढी दगडाची छाती. असेल. तिला त्या दिवशी वाईट वाटलं का, तर वाटलं, पण मजा त्याहून जास्त वाटली. तिनं संध्याकाळी महामायेला फोन लावला आणि फर्मावलं, पंधरा ऑगस्टला घरी ये, काही झालं तरी ये.

घरी जाऊन गोजरबाईनं काय केलं ते नंतर कळलं. तिनं चूल बंद केली. नवऱ्याला सांगितलं, एक तर माइकवर इचारा, नाही तर माह्या हातचं खाऊ नका.

पंधरा ऑगस्ट उजाडला. झेंडा झाला, मुलांना जिलेबी वाटली, आणि त्याच पटांगणात ग्रामसभा बसली. नळयोजना, घरकुलं, स्मशानाचा रस्ता, सगळं होत आलं. आणखी कुणाला काही बोलायचं आहे का, असं ग्रामसेवकानं सवयीनं विचारलं, आणि शेषराव उठला. इस्त्रीचा सदरा, वर पंधरा दिवसांची दाढी. माइक हातात घेतला आणि त्यावर दोनदा बोट वाजवून पाहिलं.

"मले तानाबाईले एक इचारायचं हाय," तो म्हणाला. "मले विमानात बसायचं हाय. अन् मले भेव वाटते. विमान उतरून राह्यलं किंवा उडून राह्यलं, अन् तवाच भूकंप झाला, तर मानसं वाचतात का?"

एक क्षण कुणाला उमजलंच नाही. मग मागून, चावडीच्या भिंतीकडून, कुणीतरी घूंऽऽ केलं. आणि पटांगण फुटलं हसून. साठ एकरवाला, दहा वर्षांचा सरपंच, गावाची टोपी उडवणारा शेषराव, विमानाला भितो! बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. तो तिथं उभा, कान लाल, खाली पाहत. तानाबाईनं लगेच उठायची घाई केली नाही. नऊ वर्षं वाट पाहिली होती, तिनं ते हसू शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन घेतलं. मग पदर खोचला आणि स्टेजवर चढली.

आणि बाई काय बोलली! कागद नाही, काही नाही. म्हणाली, विमान हवेत असलं की खालची जमीन नाचो नाहीतर फाटो, आतल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. उतरताना चाकं टेकली आणि धक्का आला, तर त्या चाकांच्या वर हे एवढे जाड दांडे असतात, आपटणं खायलाच बनवलेले, बहुतेक धक्के ते पिऊन टाकतात, पायलट ब्रेक लावतो. टेकायच्या आधी कळलं तर मनोऱ्यावरून सांगतात, विमान परत वर जातं, घिरट्या घालतं, दुसऱ्या गावी उतरतं. निघताना वेग कमी असला तर थांबवतात, वेग आला असला तर ते उडूनच जातं, आणि उडालं की सुटलं. पटांगण आता हसत नव्हतं. खरा धोका हलण्याचा नाही पाटील, ती म्हणाली, धोका हलून गेल्यावर राहिलेल्या भेगेचा. भूकंप होऊन जातो, लोक म्हणतात सगळं ठीक, आणि भेग तिथंच असते. म्हणून पट्टी बंद करतात आणि कुणीतरी पायी चालून पाहतं. मी ते पाहत होती. तुम्ही जिथं उतराल तिथंही कुणाची तरी माय चालून गेलेली असेल. बिनघोर जा.

शेषरावानं तिच्या हातून माइक घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो बोलला, की या बाईनं खरंच विमान थांबवलं होतं आणि मी लेकराची टिंगल केली, माझं चुकलं. टाळ्या पडल्या. गोजरबाई पदरात तोंड घालून रडत होती, सुटल्यासारखी. तानाबाईनं गर्दीत लेकीला शोधलं. महामाया पिंपळाच्या पाराजवळ उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तानाबाईचे पाय जमिनीवर नव्हते. पुरणाची तयारी काढली, डाळ शिजायला घातली. सहदेवाला दोनदा तेच सांगितलं, त्याचे कान कसे लाल झाले होते ते. मग लेकीला म्हणाली, पाह्यलं ना, तुह्यासाठी केलं हे सारं, आता झालं ना मन शांत?

महामाया ओट्यावर बसून चपलेचा पट्टा काढत होती. ती बोलायला लागली तेव्हा आवाज इतका हळू होता की तानाबाईला हातातली पळी थांबवावी लागली.

"मी त्या दिवशी त्याच्याकडं पाहतच नव्हती, माय. तो काय, तो सगळ्यांचीच टिंगल करे. मी तुह्याकडं पाहत होती. मले वाटलं, आता तू उठशीन अन् सांगशीन." तिनं चप्पल बाजूला ठेवली. "तू हसून राह्यली होती."

तानाबाई नाही म्हणणार होती. तोंड उघडलं, आणि मग तिला ते दिसलं. शेजारची बाई हसताना तिच्या मांडीवर थाप मारत होती, पुढं सगळ्या बायकांच्या पाठी हलत होत्या, दुसऱ्या दिवशी शेषरावाच्याच शेतात निंदायला जायचं होतं, आणि तिच्या स्वतःच्या तोंडाचे कोपरे ताणलेले होते, दात बाहेर, घशातून खुदुखुदु आवाज. पोरगी स्टेजवरून सरळ तिच्याकडं बघत होती. आपलीच आई आपल्याच गोष्टीला हसली, म्हणजे गोष्ट खोटीच असणार, असं त्या अकरा वर्षांच्या जिवानं धरलं असेल तर त्यात तिचं काय चुकलं?

"मंग मले सांगितलं काऊन नाही तू?"

"तुले त्याच्याकडून माइकवर वदवून घ्यायचं होतं," महामाया म्हणाली. "तुह्याकडून कोन वदवून घेनार होतं?"

हे बोलताना तिच्या आवाजात रडू नव्हतं. तानाबाई महिनाभर शेषरावाशी ज्या आवाजात बोलली होती, तोच आवाज होता. पोरीनंही नऊ वर्षं राखून ठेवलं होतं तर.

सहदेव काहीतरी बोलायला उठला. तानाबाईनं त्याला हातानं बसवलं. चुलीवरची डाळ उतरवून ठेवली, पीठ लागलेले हात लुगड्याला पुसले, आणि ती तशीच निघाली. पटांगणात आता कोणी नव्हतं. जिलेबीचे कागद उडत होते, साउंडवाला तारा गुंडाळत होता आणि एक भोंगा खांबावरून उतरवायचा राहिला होता. तिनं त्याला माइक सुरू करायला सांगितलं. तो म्हणाला, आजी, कार्यक्रम संपला. ती म्हणाली, माह्या वाटचा राह्यला. तिचं तोंड पाहून त्यानं मुकाट्यानं तार जोडली.

गाव जेवायला बसलं होतं. शेषरावाच्या घरी पाच दिवसांनी चूल पेटली होती. भोंगा एकदा करकरला, आणि मग साऱ्या बीबीला तानाबाईचा आवाज ऐकू आला.

"मी तानाबाई बोलून राह्यली. महामायेची माय. नऊ सालाआंधी माही पोर खरं बोलली होती, अन् तुमी सारे हसले. तुमच्यात मी बी हसली होती."

तिनं माइक खाली घेतला. साउंडवाला तार हातात धरून उभा होता, तिचं झालं का नाही ते त्याला कळेना. भीमनगराकडून कोणी येतं का ते ती पाहत होती. कोणी आलं नाही. तिनं माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि तेच शेवटचं वाक्य परत एकदा म्हटलं, या वेळी मोठ्यानं.